कोलोसियम उभे कसे राहिले आणि अर्धेच का उरले

रोममधील कोलोसियम या प्राचीन क्रीडागाराच्या रिंगणाला पुन्हा तळ बसवण्याची योजना इटलीच्या संस्कृती मंत्रालयाने मे २०२१ मध्ये जाहीर केली. मिलानमधील एका अभियांत्रिकी कंपनीचा आराखडा त्यासाठी निवडला गेला आणि खर्चाचा आकडा १ कोटी ८५ लाख युरो सांगण्यात आला. काम २०२३ पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट होते, ते साधले नाही; मात्र त्यानिमित्ताने सुरू झालेली चर्चा अजून संपलेली नाही. ही बातमी वाचणाऱ्याला पहिला प्रश्न साहजिकच असा पडतो, की रिंगणाला तळ नव्हता का? कोलोसियमचे आतून घेतलेले कोणतेही छायाचित्र पाहिले, तर मधोमध मोकळे मैदान दिसण्याऐवजी समांतर आणि वळणदार भिंतींचा चक्रव्यूह दिसतो. प्रेक्षकांना जे कधीही दिसू नये अशी व्यवस्था होती, नेमके तेच आज सर्वांत आधी डोळ्यांत भरते. असे का झाले हे समजून घ्यायचे, तर ही वास्तू मुळात कोणत्या अडचणी सोडवण्यासाठी बांधली गेली, तेथून सुरुवात करावी लागते.

अँफिथिएटर आणि थिएटर यांत फरक काय

ग्रीक लोक नाटकासाठी जी प्रेक्षागृहे बांधत, ती साधारणपणे डोंगराच्या उतारावर अर्धवर्तुळाकार कोरलेली असत. नाटकाला दर्शनी बाजू असते; नट प्रेक्षकांकडे तोंड करून बोलतो, त्यामुळे त्याच्या पाठीमागे माणसे बसवून उपयोग नसतो. ग्लॅडिएटरची, म्हणजे रिंगणात लढणाऱ्या योद्ध्याची, झुंज किंवा श्वापदांची शिकार यांना मात्र दर्शनी बाजूच नसते. ती चहूबाजूंनी पाहता येते, म्हणून प्रेक्षकही चहूबाजूंनी बसवता येतात. चारी बाजूंनी आसनांच्या चढत्या रांगा आणि मधोमध रिंगण अशी जी वास्तू या खेळांसाठी तयार झाली, तिला अँफिथिएटर म्हणतात.

रोमन लेखक थोरला प्लिनी याने एक मजेदार हकीकत नोंदवली आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकात क्यूरियो नावाच्या राजकारण्याने दोन लाकडी थिएटरे एकमेकांकडे पाठ करून बांधली. सकाळी दोहोंत वेगवेगळी नाटके होत आणि नंतर ती खुंट्यांवर फिरवून समोरासमोर आणली जात, म्हणजे मधल्या जागेत ग्लॅडिएटर लढू शकत. प्लिनीला या करामतीपेक्षा, फिरत्या लाकडी सांगाड्यावर निर्धास्त बसून राहणाऱ्या रोमन जनतेचे अधिक आश्चर्य वाटले होते, आणि ते योग्यच होते.

आज उभ्या असलेल्या दगडी अँफिथिएटरांपैकी सर्वांत जुने मानले जाणारे पाँपेई येथील असून ते इसवी सनपूर्व ७० च्या सुमाराचे आहे. तेथे रिंगण जमिनीच्या पातळीखाली खणले गेले आणि निघालेल्या मातीचे बांध घालून त्यांवर आसने बसवली गेली. म्हणजे प्रेक्षकांचा भार मातीने पेलला. सपाट जागेवर, कोणत्याही टेकडीचा किंवा बांधाचा आधार न घेता, तेवढाच उतार पूर्णपणे बांधून काढणे ही पुढची आणि कितीतरी अवघड पायरी होती.

रिंगण लंबगोल का, हा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. पूर्ण वर्तुळ ठेवले, तर झुंजीला दिशा उरत नाही आणि सर्व काही मध्यबिंदूभोवती घोटाळत राहते. चौकोन केला, तर कोपऱ्यात अडकलेला प्राणी किंवा माणूस बऱ्याच प्रेक्षकांच्या नजरेआड होतो. लंबगोलात कोपरे नसतात, मिरवणुकीला लांब अक्ष मिळतो आणि आखूड अक्षाच्या टोकांवरील मानाच्या जागा झुंजीच्या अगदी जवळ येतात.

फिडेनीची दुर्घटना

कोलोसियमच्या भक्कमपणाकडे पाहताना इसवी सन २७ मधील एक घटना लक्षात ठेवायला हवी. रोमजवळच्या फिडेनी गावी आटिलियस नावाच्या एका माणसाने पैसे कमावण्याच्या हेतूने लाकडी अँफिथिएटर उभारले. इतिहासकार टॅसिटस सांगतो, की त्याने पाया कठीण जमिनीवर घेतला नाही आणि लाकडी सांगाड्याचे सांधेही नीट जखडले नाहीत. सम्राट टायबेरियस खेळांविषयी उदासीन असल्यामुळे रोमची जनता करमणुकीला आसुसलेली होती. ती लोटली आणि सगळा डोलारा कोसळला. मेलेल्या व जायबंदी झालेल्यांची एकत्रित संख्या टॅसिटस ५०,००० देतो, तर सुएटोनियस २०,००० हून अधिक मृत्यू सांगतो. प्राचीन इतिहासकारांचे आकडे जपूनच घ्यावेत, परंतु दुर्घटना प्रचंड होती याविषयी शंका नाही. त्यानंतर सिनेटने ठराव केला, की ४ लाख सेस्टर्स (रोमन नाणी) एवढी मालमत्ता नसलेल्याने असे खेळ भरवू नयेत आणि जमिनीचा भक्कमपणा तपासल्याशिवाय अँफिथिएटर बांधू नये.

खुद्द रोममध्ये स्टॅटिलियस टॉरस याने इसवी सनपूर्व २९ मध्ये बांधलेले, अंशतः दगडी असलेले अँफिथिएटर इसवी सन ६४ च्या महाआगीत नष्ट झाले. साम्राज्याच्या राजधानीला साजेसे कायमचे अँफिथिएटर त्यानंतर उरले नव्हते.

राजाचे तळे, प्रजेचे रिंगण

त्याच आगीत मोकळ्या झालेल्या जागेवर सम्राट नीरोने आपला विस्तीर्ण ‘सुवर्णप्रासाद’ बांधायला घेतला आणि त्याच्या आवारात एक कृत्रिम तळे केले. शहराच्या मध्यभागातली जमीन एका माणसाच्या विलासासाठी गिळली गेली, ही लोकांच्या मनातील सल होती. इसवी सन ६८ मध्ये नीरोने आत्महत्या केली, पाठोपाठच्या यादवीत एका वर्षात चार सम्राट झाले आणि शेवटी व्हेस्पेशियन हा सेनापती गादीवर टिकला. त्याच्यापाशी राजघराण्याचा वारसा नव्हता. लोकांची मर्जी मात्र त्याला हवी होती. त्याने नीरोचे तळे आटवले आणि नेमक्या त्याच जागी जनतेसाठी अँफिथिएटर बांधायला सुरुवात केली. राजकीय चाल म्हणून हा निर्णय इतका अचूक आहे, की पुढील दोन हजार वर्षांत अनेक राज्यकर्त्यांनी तो कळत-नकळत गिरवला.

पैसा कोठून आला, याचा पुरावा मोठ्या विलक्षण रीतीने मिळाला. कोलोसियममधील एका शिलाखंडावर पाचव्या शतकातील लेख आहे. त्याच दगडावर त्याहून जुन्या लेखाची कांस्य अक्षरे बसवण्यासाठी पाडलेली छिद्रे शिल्लक होती. हंगेरियन-जर्मन अभ्यासक गेझा आल्फल्डी यांनी केवळ त्या छिद्रांच्या मांडणीवरून मूळ मजकूर जुळवला आणि तो १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. सम्राटाने हे अँफिथिएटर युद्धातील लुटीतून बांधवले, असा त्याचा आशय आहे. व्हेस्पेशियनच्या काळातील मोठी लूट म्हणजे ज्यू बंडाच्या बीमोडानंतर, इसवी सन ७० मध्ये पाडाव झालेल्या जेरुसलेमची.

व्हेस्पेशियन इसवी सन ७९ मध्ये वारला. त्याचा मुलगा टायटस याने इसवी सन ८० मध्ये १०० दिवसांच्या खेळांनी वास्तूचे उद्घाटन केले आणि उरलेली कामे धाकटा मुलगा डोमिशियन याने पुरी केली. या फ्लेवियन घराण्यावरून तिला फ्लेवियन अँफिथिएटर म्हणतात. कोलोसियम हे नाव मात्र बरेच नंतरचे असून, शेजारी उभ्या असलेल्या, मुळात नीरोच्या प्रचंड कांस्य पुतळ्यावरून ते पडले असे मानले जाते.

तळ्याच्या तळाशी पाया

तळ्याची जागा निवडण्यात राजकारण होते तसा हिशेबही होता. खड्डा आयता मिळाला होता आणि पाणी वाहून नेणारे नाले मुळातच होते. अडचण अशी, की तळ्याखालची जमीन गाळाची. तिच्यावर सुटे खांब उभे केले असते, तर प्रत्येक खांब आपापल्या परीने खचला असता आणि वरच्या कमानी फाटल्या असत्या. म्हणून रोमन स्थापतींनी संपूर्ण आसनव्यवस्थेच्या खाली काँक्रीटचे एकसंध लंबगोल कडे ओतले, ज्याची जाडी सुमारे १२ ते १३ मीटर आहे. खचायचेच झाले, तर सगळे एकत्र आणि सारखे खचावे, हा त्यामागचा विचार.

रोमन काँक्रीट आजच्या सिमेंट काँक्रीटहून वेगळे होते. चुना आणि ज्वालामुखीची राख यांच्या मिश्रणात दगडांचे तुकडे घालून ते तयार होई. या राखेमुळे चुना ओलाव्यातही घट्ट होतो. नुसत्या चुन्याला मात्र घट्ट होण्यासाठी हवा लागते आणि जाड थराच्या पोटात ती पोचत नाही. रोमच्या परिसरात अशी राख मुबलक होती. मात्र या काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या नसत. ते दाब उत्तम सोसते, पण ताण दिला की तडकते. ही एक मर्यादा नीट लक्षात ठेवली, तर कोलोसियमचा बाकीचा आकार आपोआप उलगडत जातो.

सगळीकडे कमानीच का

दोन खांबांवर आडवी शिळा टाकली, तर तिच्या वरच्या भागावर दाब येतो आणि खालच्या भागावर ताण. दगड ताण सोसत नाही, म्हणून अंतर वाढले की शिळा मधोमध मोडते. कमानीत पाचरीच्या आकाराचे दगड असे रचलेले असतात, की वरून जितका भार येईल तितके ते एकमेकांना अधिक घट्ट दाबतात. ताण जवळजवळ उरतच नाही. त्याचे मोल वेगळ्या रीतीने द्यावे लागते: कमान आपल्या दोन्ही पायांना बाहेरच्या बाजूला रेटते. एकट्या कमानीला हा रेटा पेलण्यासाठी जाडजूड आधार लागतो. कमानींची रांग केली, तर प्रत्येक कमानीचा रेटा शेजारची कमान परतवते, आणि ती रांग वळवून स्वतःलाच मिळवली, तर रांगेला टोकच उरत नाही. कोलोसियमच्या बाहेरील भिंतीत एकावर एक तीन मजले आणि प्रत्येक मजल्यावर ८० कमानी आहेत. रांगेच्या दिशेने जाणारा रेटा असा वर्तुळात फिरत राहतो. वर चौथा मजला जवळजवळ सलग भिंतीचा आहे.

बाहेरून आत जाताना हीच युक्ती वेगळ्या दिशेने वापरलेली दिसते. रिंगणापासून बाहेरच्या बाजूला चाकाच्या आऱ्यांप्रमाणे भिंती जातात, त्यांच्यामध्ये कमानदार छते उतरत्या पातळीत घातली आहेत आणि त्या छतांच्या पाठीवर आसने बसवली आहेत. आऱ्यांना छेदणारे गोलाकार बोळ प्रत्येक मजल्यावर संपूर्ण वास्तूला प्रदक्षिणा घालतात. पाँपेईत जे काम मातीच्या ढिगाने केले, ते येथे पोकळ्यांनी केले आहे.

वास्तू १८९ मीटर लांब, १५६ मीटर रुंद आणि सुमारे ५० मीटर उंच आहे. एवढा डोलारा साधारण दहा वर्षांत उभा राहिला. त्याचे श्रेय गुलामांच्या संख्येला देऊन मोकळे होण्याची सवय आहे. मला ते स्पष्टीकरण अपुरे वाटते, कारण नुसती माणसे वाढवली तर अरुंद जागेत खोळंबाच होतो. खरे कारण बांधणीच्या पद्धतीत आहे. भार वाहणारे मुख्य खांब तिवोलीजवळच्या खाणींतील ट्रॅव्हर्टिन या कठीण चुनखडीच्या दगडाचे होते. खांबांचा सांगाडा आधी उभा केला, की मधल्या भिंती टफ या मऊ ज्वालामुखीय दगडाने व विटांनी भरता येत आणि वरच्या छतांचे काँक्रीट ओतण्यासाठी त्यांना थांबून राहावे लागत नसे. एकसारख्या कमानींमुळे तोच लाकडी साचा पुन्हा पुन्हा वापरता येई, आणि वास्तूचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या तुकड्यांना एकाच वेळी वाटून देता येत. साहित्याची निवडही उंचीनुसार बदलते: खाली जड दगड, वर विटा आणि काँक्रीट, आणि सर्वांत वरची आसने चक्क लाकडाची.

ट्रॅव्हर्टिनचे ठोकळे एकमेकांना चुन्याने जोडलेले नव्हते, तर लोखंडी आकड्यांनी जखडलेले होते. त्या लोखंडाचे वजन ३०० टन असावे असा अंदाज आहे. त्याचे पुढे काय झाले, हे खाली येईल.

पन्नास हजार माणसे आत कशी घ्यायची

कोलोसियममध्ये किती प्रेक्षक मावत? चौथ्या शतकातील एका नोंदीत ८७,००० हा आकडा आहे. आजचे अभ्यासक तो फुगलेला मानतात आणि ५०,००० ते ८०,००० च्या दरम्यानचे अंदाज देतात. त्या काळात बसण्याची जागा आसनांच्या संख्येत न मोजता लांबीत मोजली जाई. एका पुरोहित मंडळाला या अँफिथिएटरमध्ये किती फूट जागा दिली, याची इसवी सन ८० मधील कोरीव नोंदच उपलब्ध आहे. त्यामुळे माणसे किती दाटीने बसली यावर संख्या अवलंबून राहते.

इतक्या लोकांना चेंगराचेंगरी न होता आत आणि बाहेर नेण्याची व्यवस्था हा माझ्या मते या वास्तूचा सर्वांत बुद्धिमान भाग आहे. दर्शनी कमानींचे सौंदर्य त्यानंतर येते. तळमजल्यावरच्या ८० कमानी म्हणजेच ८० दरवाजे. त्यांपैकी अक्षांवरील चार खास होते. बाकीच्या ७६ दारांवर रोमन आकड्यांत क्रमांक कोरलेले होते, आणि उत्तरेकडील उरलेल्या भिंतीवर २३ ते ५४ या टप्प्यातील क्रमांक आजही वाचता येतात. प्रेक्षकाला आपले दार आधीच ठाऊक असे. दारातून आत गेल्यावर गोलाकार बोळ, त्यातून ठरावीक जिना आणि जिन्याच्या शेवटी थेट आपल्या विभागात उघडणारे तोंड, असा प्रत्येकाचा मार्ग ठरलेला होता. आजची क्रिकेटची आणि फुटबॉलची स्टेडियमे याच तत्त्वावर चालतात.

यात एक बाब सहज नजरेतून सुटते. हे वेगळे मार्ग गर्दीच्या सोयीसाठी होते तसे समाजातील पायऱ्या एकमेकींत मिसळू नयेत यासाठीही होते. कोणी कोठे बसायचे, याचे नियम सम्राट ऑगस्टसने आधीच घालून दिले होते. रिंगणालगतच्या संगमरवरी पट्ट्यात सिनेटचे सभासद, त्यामागे अश्वारूढ वर्गातील धनिक, त्यामागे टोगा नेसलेले सामान्य नागरिक, त्यावर गरीब, आणि सर्वांत वर, लाकडी आसनांवर, स्त्रिया. आखूड अक्षावर सम्राटाची पेटी होती आणि व्हेस्टा देवीच्या पुजारिणींना स्त्रिया असूनही पुढे मान होता. सिनेटर आणि कामकरी एकाच खेळाला येत. परंतु येता-जाता जिन्यावर त्यांची गाठ पडणार नाही, अशी रचना दगडातच केलेली होती. प्रवेशासाठी सर्वसाधारणपणे पैसे पडत नसत. खेळ ही सम्राटाची देणगी असे आणि त्या देणगीबरोबर आपली पायरी कोणती याची आठवणही प्रत्येकाला मिळे.

डोक्यावरचे छत

रोमच्या उन्हाळ्यात दिवसभर उघड्यावर बसणे सोपे नव्हते. म्हणून प्रेक्षकांवर कापडाचे छत ओढले जाई. चौथ्या मजल्याच्या बाहेरील अंगाला २४० दगडी घोडे, म्हणजे भिंतीबाहेर काढलेले आधाराचे दगड, आहेत; त्यांवर डोलकाठ्या टेकवून, त्या वरच्या कंगणीतील छिद्रांतून पार करून उभ्या केल्या जात आणि त्यांना दोरखंडांनी कापड ताणले जाई. दोर आणि शिडांचे हे काम मिसेनम येथील आरमाराच्या खलाशांकडे होते. कोमोडस या लहरी सम्राटाने, प्रेक्षक आपली थट्टा करत आहेत असे वाटून, या खलाशांना त्यांची कत्तल करण्याचा हुकूम दिला होता, असे त्याच्या प्राचीन चरित्रात म्हटले आहे.

तळाखालचे यंत्रघर

आता त्या चक्रव्यूहाकडे वळू. रिंगण सुमारे ८३ मीटर लांब आणि ४८ मीटर रुंद होते. त्याला लाकडी तळ होता आणि रक्त शोषले जावे, पाय घसरू नयेत म्हणून त्यावर वाळू पसरलेली असे. तळाच्या खाली दोन मजली तळघर होते. तेथे श्वापदांचे पिंजरे, देखावे आणि माणसे थांबवून ठेवली जात, आणि माणसांनी फिरवायच्या रहाटांवर चालणाऱ्या पाळण्यांतून पिंजरे वर चढवले जात. वर पोचल्यावर तळातील झडप उघडे आणि प्रेक्षकांना बिबळ्या वाळूतून उगवल्यासारखा दिसे. जर्मन पुरातत्त्व संस्थेचे हाइन्ट्स-युर्गन बेस्टे यांनी भिंतींवरील खाचा, दोरांच्या घर्षणाच्या खुणा आणि रहाटांची भोके यांवरून ही यंत्रणा वर्षानुवर्षे अभ्यासून जुळवली. त्या आधारे लाकडी पाळण्याची चालती प्रतिकृती २०१५ मध्ये तेथे बसवण्यात आली.

येथे एक रास्त शंका निघते. टायटसच्या उद्घाटनाच्या खेळांत रिंगणात पाणी भरून नौकायुद्ध झाले, असे रोमन इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो आणि त्या काळचा कवी मार्शलही पाण्याच्या खेळांचे वर्णन करतो. मग तळघर असताना पाणी भरले कसे? याचे उत्तर कालक्रमात आहे. इसवी सन ८० मध्ये दगडी तळघर बांधलेले नव्हते. ते बहुधा डोमिशियनच्या काळात आले आणि पुढे वारंवार बदलले गेले. भिंती आणि पाळणे आल्यानंतर पाणी भरणे शक्यच नव्हते.

चित्रपटांनी पढवलेल्या गोष्टी

‘मरणाला सामोरे जाणारे आम्ही तुला वंदन करतो’ हे वाक्य ग्लॅडिएटर प्रत्येक झुंजीआधी म्हणत, अशी सार्वत्रिक समजूत आहे. प्राचीन साहित्यात ते एकाच प्रसंगासंबंधी आढळते: सम्राट क्लॉडियसने फ्युसिनस सरोवरावर लढवलेल्या नौकायुद्धाच्या वेळी. ती माणसे ग्लॅडिएटर नसून त्या नौकायुद्धात उतरवलेले कैदी होते, आणि तेव्हा कोलोसियम बांधलेही नव्हते. अंगठा खाली म्हणजे मृत्यू ही खूण एकोणिसाव्या शतकातील एका फ्रेंच चित्रामुळे घराघरांत पोचली; प्राचीन ग्रंथांत अंगठा ‘वळवणे’ एवढेच म्हटले आहे, कोणत्या बाजूला ते सांगितलेले नाही. प्रत्येक झुंज मृत्यूनेच संपे, हेही खरे नाही. प्रशिक्षित ग्लॅडिएटर ही खर्चिक गुंतवणूक होती आणि हरलेल्याला जीवदान मिळाल्याच्या नोंदी कबरींवरच कोरलेल्या सापडतात. मात्र यावरून येथील क्रौर्य सौम्य ठरवण्याचे कारण नाही: दुपारच्या वेळी गुन्हेगारांना श्वापदांपुढे टाकणे हा कार्यक्रमाचा ठरलेला भाग होता.

ख्रिस्ती हुतात्म्यांशी कोलोसियमचे नाते आज दृढ आहे. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास ही जागा पवित्र ठरवली आणि गुड फ्रायडेला पोप येथे क्रूसाच्या वाटेची प्रार्थना करतात. रोममध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ झाला हे निर्विवाद आहे. तथापि विशिष्ट हुतात्म्याचा मृत्यू याच वास्तूत झाल्याचा समकालीन पुरावा मिळत नाही. ग्लॅडिएटरच्या झुंजी पाचव्या शतकात बंद पडल्या, तर श्वापदांच्या शिकारीचा येथील शेवटचा ज्ञात खेळ इसवी सन ५२३ मधला आहे.

उरलेली अर्धी भिंत कोठे गेली

कोलोसियम रानटी टोळ्यांनी फोडले, ही समजूत चुकीची आहे. इसवी सन २१७ मध्ये वीज पडून लागलेल्या आगीत वरची लाकडी आसने आणि तळ जळाला आणि दुरुस्तीला अनेक वर्षे गेली. खरा घाव मात्र भूकंपांनी घातला, आणि तोही एकाच बाजूला. उत्तरेकडची बाहेरील भिंत आजही पूर्ण उंचीने उभी आहे. दक्षिणेकडची नाहीशी झाली आहे. याचे उत्तर जमिनीत आहे. उत्तरेकडील भाग तुलनेने टणक थरांवर येतो, तर दक्षिणेकडील भागाखाली जुन्या ओढ्याचा गाळ भरलेला आहे. खरवसाच्या ताटाला धक्का दिला, तर ताट लगेच स्थिर होते, परंतु त्यावरच्या वड्या कितीतरी वेळ थरथरत राहतात. मऊ गाळ भूकंपाच्या लाटांचे नेमके हेच करतो, हादरा वाढवतो आणि लांबवतो. पायाचे एकसंध कडे खचण्यावरचा इलाज होता, पण खालच्या जमिनीच्या थरथरीवर नव्हे. सप्टेंबर १३४९ मधील भूकंपात दक्षिणेकडील बाहेरील कमानी मोठ्या प्रमाणात ढासळल्या असे मानतात. कमानींच्या कड्याचा जो गुण वर सांगितला, तोच येथे उलटला: रांग एकदा तुटली, की तुटलेल्या टोकाच्या कमानीचा रेटा परतवायला शेजारीण उरत नाही आणि टोकाकडून एकेक कमान सुटत जाते.

पडलेला दगड फुकट गेला नाही. मधल्या काळात कोलोसियम फ्रँजिपानी घराण्याची गढी होते, त्याच्या बोळांत घरे आणि दुकाने होती; भूकंपानंतर ते शहराची खाण बनले. येथला ट्रॅव्हर्टिन राजवाड्यांना आणि चर्चच्या बांधकामांना गेला, आणि संगमरवर चुन्याच्या भट्ट्यांत भाजून चुना करण्यात आला. ठोकळ्यांना जखडणारे लोखंडही मौल्यवान होते. ते काढण्यासाठी सांध्यांवर भोके पाडली गेली, आणि देवीच्या व्रणांसारखी दिसणारी जी छिद्रे आज दर्शनी भिंतीवर सर्वत्र आहेत, ती त्या लोखंडचोरीची निशाणी आहे. १८५५ मध्ये एका इंग्रज वैद्याने या पडक्या भिंतींवर उगवलेल्या ४२० वनस्पतींची यादी प्रसिद्ध केली होती. पुढे पुरातत्त्वज्ञांनी ती झाडे उपटून काढली.

भिंतीच्या तुटलेल्या पूर्व टोकाला विटांचा तिरपा टेकू दिसतो, तो राफाएले स्टर्न याने १८०७ च्या सुमारास बांधला. तेथील कमानींचे दगड घसरत होते. पाडून पुन्हा रचण्याऐवजी त्याने त्या कमानी जशा निखळत होत्या तशाच विटांनी भरून टाकल्या, त्यामुळे अर्धवट घसरलेले दगड आजही जागच्या जागी थिजलेले दिसतात. पश्चिम टोकाला वीस वर्षांनी जुझेप्पे वालादिए याने मूळ कमानींच्या आकाराप्रमाणे, उतरत्या पायऱ्यांसारखा आधार दिला. दोघांनीही तुटलेल्या टोकांना हवा असलेला प्रतिरेटा पुरवला. नंतरच्या काळात जुन्या वास्तूंची डागडुजी कशी करावी यावर जे वाद झाले, त्यांत हे दोन टेकू नेहमी समोरासमोर ठेवले जातात. मला स्वतःला स्टर्नचा अधिक प्रामाणिक वाटतो.

मग तळ पुन्हा बसवावा का

तळघर एकोणिसाव्या शतकातील उत्खननांत टप्प्याटप्प्याने उघडले गेले आणि १९३० च्या दशकात, मुसोलिनीच्या काळात, ते पूर्णपणे मोकळे झाले. तेव्हापासून मुळात झाकलेल्या जागेसाठी बांधलेल्या भिंती ऊन-पाऊस सोसत आहेत. डानिएले मानाकोर्दा या पुरातत्त्वज्ञांनी २०१४ मध्ये तळ परत बसवण्याची कल्पना मांडली, ती मुख्यतः रिंगण पुन्हा रिंगणासारखे कळावे म्हणून.

यावर पहिला आक्षेप असा, की दुर्मीळ तळघर पुन्हा नजरेआड जाईल. निवडलेल्या आराखड्यात यासाठी फिरत्या पट्ट्या आहेत. त्या उघडल्या की खाली उजेड आणि हवा जाते आणि वरून तळघर दिसते. शिवाय २०२१ मध्येच, एका पादत्राण कंपनीने दिलेल्या निधीतून जतन पूर्ण झाल्यावर, तळघरात पर्यटकांसाठी चालण्याचा मार्ग खुला झाला आहे, त्यामुळे ते पाहण्यासाठी वरून डोकावण्याची गरज उरलेली नाही. दुसरा आक्षेप नव्या बांधकामाच्या भाराचा. तळ कार्बन तंतूंच्या हलक्या चौकटींवर लाकूड बसवून करायचा असून, मूळ भिंतींना धक्का न लावता तो कधीही काढून घेता येईल, अशी अट आहे. तिसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: तळ आला, की त्यावर काय करायचे हा प्रश्न येणार. मंत्रालयाने योजना जाहीर करताना सांस्कृतिक कार्यक्रमांचा उल्लेख केला होता. ज्या वास्तूला दरवर्षी लाखो माणसे भेट देतात, तिच्यात ध्वनियंत्रणा, दिवे आणि संध्याकाळची गर्दी आणखी आणायची का, हे अभियंत्यांनी ठरवण्याचे काम नाही. त्यासाठी कार्यक्रमांची संख्या, आवाजाची मर्यादा आणि परवानगीचे अधिकार तळ बसण्याआधीच नियमांत लिहून ठेवावे लागतील.